खारघरच्या गच्चीवरील डिश आणि मोडायला काढलेली ठेव

प्रश्न : खारघरमधील अठरा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर आमची सदनिका आहे, ताबा २०२३ मध्ये मिळाला. मी घरून परदेशी ग्राहकांसाठी अभियांत्रिकी आराखड्यांचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात फायबर दोनदा तुटले, मिळून पाच दिवस काम थांबले आणि दिवसाला साधारण ३,५०० रुपये बुडाले. म्हणून उपग्रह इंटरनेट घेण्याचा विचार आहे. डिशसाठी ३४,००० आणि दरमहा ८,६०० रुपये धरले आहेत. फॅब्रिकेटरने बाल्कनीच्या रेलिंगवरील क्लॅम्पचे २,५००, गच्चीच्या कठड्यावरील ब्रॅकेटचे ६,५०० आणि गच्चीवर वजन ठेवून उभ्या करायच्या चौकटीचे ११,००० सांगितले. गच्चीपासून घरापर्यंतच्या केबलचे ९,००० वेगळे. यासाठी १,६०,००० रुपयांची मुदत ठेव मोडावी का? मुरबाड तालुक्यातील घरीही पुढे हीच सोय करायची आहे. तिथे फायबर नाही आणि मोबाइलची रेंज जेमतेम असते.

उत्तर : खारघरच्या घरासाठी ही ठेव मोडू नये. मुरबाडच्या घराचा हिशेब निराळा आहे, त्याकडे शेवटी येतो.

प्रथम आपण धरलेल्या आकड्यांविषयी. ३४,००० आणि ८,६०० हे दर डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर दिसले होते. मात्र ती चाचणीसाठी भरलेली माहिती असून तेच दर लागू होतील असे समजू नये, असा खुलासा कंपनीनेच केला होता. त्यामुळे हे आकडे अंदाजापुरतेच धरावेत. त्यांच्या आधाराने कोणी आगाऊ नोंदणीची रक्कम मागत असेल तर ती देऊ नये. २०२१ मध्ये परवाना हाती नसतानाच याच कंपनीने घेतलेली नोंदणी दूरसंचार विभागाच्या आदेशानंतर थांबवावी लागली होती आणि ग्राहकांचे पैसे परत करावे लागले होते.

तरीही आपलेच आकडे घेऊन तीन वर्षांचा खर्च मांडू. डिश, चौकट आणि केबल मिळून एकरकमी ५४,००० रुपये होतात. वर्षाची वर्गणी १,०३,२०० रुपये. घरगुती वापराची प्रमाणित डिश ७५ ते १०० वॅट वीज घेते आणि ती दिवसरात्र सुरूच असते. ७५ वॅट धरले तरी महिन्याला ५४ युनिट होतात आणि सर्व आकारांसह युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाला ६,४८० रुपये बिलात वाढतात. तीन वर्षांची बेरीज ३,८३,०४० रुपये होते, आणि दरांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर वेगळा लागणार असेल तर ती आणखी वाढेल. दरवर्षी गेल्या पावसाळ्याइतकेच नुकसान होईल असे मानले, तर त्याच तीन वर्षांत बुडणारी रक्कम ५२,५०० रुपये आहे. पाच दिवसांच्या खंडामुळे एखादा मोठा ग्राहक कायमचा हातचा जाणार असेल तर हे गणित बदलते, पण तसे काही आपल्या पत्रात नाही.

आता डिश कुठे बसवायची ते पाहू, कारण तिन्ही दरांतला खरा फरक पैशांचा नाही. रेलिंगवरचा क्लॅम्प सर्वांत स्वस्त असला तरी तो पर्याय मी यादीतूनच काढून टाकीन. डीटीएचची छत्री बाल्कनीत चालते, कारण तिचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, आपल्याकडून पाहता दक्षिणेच्या बाजूला, एकाच जागी स्थिर दिसतो आणि तेवढीच एक दिशा मोकळी असली की पुरते. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून सतत सरकत असतात. डिशला डोक्यावरच्या आकाशाचा सुमारे ११० अंशांचा पट्टा मोकळा लागतो. अकराव्या मजल्याच्या बाल्कनीत वर बाराव्या मजल्याचा स्लॅब आणि मागे भिंत असल्याने निम्म्याहून अधिक आकाश झाकलेले असते. अशा जोडणीवर ईमेलची देवाणघेवाण होईल, पण ग्राहकाशी सुरू असलेली बैठक मध्येच तुटत राहील.

उरली गच्ची. कठड्याच्या ब्रॅकेटसाठी भोके पाडावी लागतात, आणि तिथेच मला सर्वांत मोठा आर्थिक धोका दिसतो. आपला ताबा २०२३ चा आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातील दोष विकासकाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. म्हणजे आपल्या इमारतीला हे संरक्षण २०२८ पर्यंत आहे. गच्चीवर वा कठड्यात एका सभासदाने ड्रिल मारल्यानंतर अठराव्या मजल्यावर ओल आली, तर विकासक पहिले बोट त्या भोकाकडे दाखवील. गच्ची सामाईक असल्याने व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी लागेलच, आणि शहाणी समिती आपल्याकडून गळतीची जबाबदारी घेणारे हमीपत्रही मागेल. त्या हमीपत्रात रकमेची कमाल मर्यादा आणि मुदत लिहिलेली नसेल, तर ६,५०० रुपयांच्या ब्रॅकेटमागे अमर्याद देणे उभे राहते. अशा कागदावर सही करू नये.

म्हणून गच्चीवर डिश बसवायचीच झाली तर ११,००० रुपयांची वजनदार चौकट योग्य, कारण तिच्यासाठी कोब्याला भोक पडत नाही. पण फॅब्रिकेटरला वजन किती ठेवणार हे विचारावे. इमारतींच्या रचनेसाठीच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. त्या वेगाला साधारण ६० बाय ३८ सेंटीमीटरच्या डिशवर, ती वाऱ्याला सरळ सामोरी आहे असे धरल्यास, २७ किलोच्या आसपास जोर येतो. खांब एक मीटर उंच आणि चौकट ८० सेंटीमीटर रुंद असेल तर ती उलटू नये म्हणून किमान ६८ किलो वजन हवे, आणि अठरा मजल्यांच्या उंचीवर वारा जास्त असतो म्हणून मी १२० किलोंपेक्षा कमी मान्य करणार नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने या पट्ट्यातल्या गच्च्यांवरचे किती पत्रे उडवले ते आपण पाहिले असेलच. खाडीची खारी हवा लक्षात घेऊन चौकट गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, आणि डिश इमारतीच्या वीजरोधकापासून दूर व त्याच्याहून खाली राहील असे पाहावे.

केबलच्या ९,००० रुपयांचीही फोड मागावी. डिशसोबत साधारण १५ मीटरची केबल येते. गच्चीपासून अकराव्या मजल्यापर्यंत नुसते खाली यायलाच एकवीस ते चोवीस मीटर लागतात, त्यात गच्चीवरचे आणि घरातले आडवे अंतर मिळवले की चाळिशीच्या आसपास आकडा जातो. मधे सांधा मारून लांबवलेली केबल स्वीकारू नये, त्या लांबीची सलग केबलच घ्यावी. ती डक्टमधून नेण्याचा उल्लेखही परवानगीपत्रात हवा.

एवढे सगळे करूनही एक अडचण राहते. ही सेवा केयू (Ku) बँडच्या रेडिओ लहरींवर चालते आणि मुसळधार पावसात त्या क्षीण होतात. आपल्याला पर्यायी जोडणी हवी आहे ती मुख्यतः पावसाळ्यासाठी. खोदकामाने तुटलेल्या फायबरला डिश पर्याय ठरेल, पण जुलैतल्या ऐन झडीत ती हमखास साथ देईल असे समजून ३,८३,००० रुपये गुंतवणे मला पटत नाही. धोरणाचा कलही शहरी ग्राहकाच्या बाजूचा नाही : मे २०२५ च्या शिफारशींत ट्राय या दूरसंचार नियामकाने अशा सेवेच्या शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपयांचा जादा आकार सुचवला होता.

त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे फायबर घ्यावे. करासह दरमहा ७०८ रुपयांची योजना धरली तर तीन वर्षांत २५,४८८ रुपये होतात. मात्र दोन्ही कंपन्यांची केबल एकाच चरातून इमारतीत येत असेल तर एकाच कुदळीने दोन्ही तुटतील, म्हणून दुसरी जोडणी दुसऱ्या बाजूने किंवा मोबाइल मनोऱ्यावरून बिनतारी येणारी ५जी एअरफायबर असावी. दोन्ही राउटरना छोटा यूपीएस लावावा.

कराविषयी थोडेसे. आपण पावत्यांच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानण्याची अनुमानित पद्धत वापरत असाल, तर डिशचा खर्च वेगळा वजा करता येत नाही. ‘धंद्याचा खर्च आहे, करात सुटेल’ हे विक्रेत्याचे वाक्य तेव्हा आपल्याला लागू पडत नाही.

मुरबाडला मात्र पर्यायच नाही, त्यामुळे तिथे डिश ही चैन ठरत नाही. घर कौलारू असेल तर कौलांवर काहीही बसवू नये. कौले सरकतात आणि माकडे उरलेले काम पूर्ण करतात. अंगणात काँक्रीटच्या खड्ड्यात रोवलेला जीआय पाइप किंवा पाखाडीच्या बाजूची पक्की भिंत चालेल. ना समितीची परवानगी, ना हमीपत्र, आणि १५ मीटरची केबल बहुधा पुरेल. आंब्याच्या फांद्या आड येतात का ते कंपनीच्या मोबाइल अॅपमधील अडथळे तपासण्याच्या सोयीने, फोन आकाशाकडे धरून, आधी पाहावे. वर्षातून किती महिने आपण तिथे राहणार आणि उरलेल्या महिन्यांची वर्गणी थांबवता येते का, हे लेखी विचारावे. सहाच महिने वापर असेल तर ८,६०० चा दर प्रत्यक्षात दुप्पट पडतो.

१,६०,००० ची ठेव हा नियमित पगार नसलेल्या माणसाचा आपत्कालीन निधी आहे, ती तशीच ठेवावी. मुरबाडसाठी दरमहा ५,००० रुपयांचे आवर्ती खाते आजच उघडावे. दर अधिकृतपणे जाहीर होऊन मुरबाडला राहायला जाण्याचे नक्की होईपर्यंत डिश आणि खांबापुरती रक्कम त्यात जमेल.