गाडी उशिरा आली तर चालेल, पण हा अर्ज आजच द्या

प्रश्न: पाच महिन्यांपूर्वी एसयूव्ही बुक केली. ऑन-रोड 14 लाख. 4 लाख माझे, 10 लाख कर्ज. शोरूमवाले म्हणतात, अजून तीन महिने लागतील. टॉप व्हेरिअंट, ॲक्सेसरीज आणि त्यांचाच विमा घेतला तर पंधरा दिवसांत गाडी देतो. घेऊ का? माझे 4 लाख बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने गाडी येईपर्यंत एका पॉलिसीत टाकून दिलेत; 12 टक्के, करमुक्त. पॉलिसी तीन आठवड्यांपूर्वी आली, पहिलं पान जोडलंय. हातात पगार 75 हजार. – एक वाचक, नाशिक

उत्तर: नका घेऊ. व्हेरिअंटचे दीड लाख, बाकीचे पन्नास-साठ हजार. तीन महिन्यांसाठी दोन लाखांवर. तेवढ्यात रोज टॅक्सीने ऑफिस गाठाल आणि पैसे उरतील. दुसऱ्या डीलरकडे चौकशी करा. किंमत मात्र बहुधा डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, तेवढी तयारी ठेवा. विमा कुठूनही घेता येतो.

आता न विचारलेलं. त्या पहिल्या पानावर ‘वार्षिक हप्ता 4 लाख, मुदत 5 वर्षे’ असं छापलंय. ही युलिप आहे, म्हणजे पैसे बाजारात गुंतवणारी विमा पॉलिसी. तुम्ही 4 लाख ठेवलेले नाहीत, 20 लाख भरायचं कबूल केलंय! वर्षाला 9 लाख हातात येतात. त्यातले 4 इथे, जवळपास 2 गाडीच्या हप्त्यात. घर कशावर चालणार?

शिवाय पाच वर्षांचं लॉक-इन. डिलिव्हरीच्या दिवशी यातला एक रुपया निघणार नाही. पुढचा हप्ता चुकवलात तर शुल्क कापून रक्कम वेगळ्या फंडात पडून राहते आणि पाच वर्षं उलटल्यावरच मिळते. 12 टक्के कुणी लिहून दिलेत का? करमुक्त म्हणाल, तर फेब्रुवारी 2021 पासूनच्या युलिपमध्ये वर्षाचा हप्ता अडीच लाखांवर गेला की नफ्यावर कर लागतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवस ‘फ्री लूक’ असतो, म्हणजे ती रद्द करून पैसे परत मागण्याची मुदत. ई-मेलने आली असेल तर ई-मेलची तारीख धरा. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम आठवडा उरलाय. रद्द करण्याचा अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या, ई-मेलही करा. मॅनेजर ‘साहेब, बघून घेतो’ म्हणेल. त्याच्या भरवशावर एक दिवसही घालवू नका. बाजारातला चढउतार आणि किरकोळ कपात सोडून पैसे परत येतील.

मुदत हुकली तर सगळे 14 लाख कर्जाने उभे करावे लागतील: 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी हप्ता सोळा हजारांचा साडेबावीस होतो, तोही बँकेने एवढं कर्ज दिलं तर. तसं झालं तर ही गाडी सोडा, बुकिंगचे पैसे परत मागा.

पैसे परत आले की तीन महिन्यांच्या एफडीत ठेवा. त्याच बँकेत ठेवलेत तरी हरकत नाही, फक्त काउंटरवर जाऊन.