कुठलं खातं, कुठली गल्ली

पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा जरा रागच आला. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या बाई तुझ्या रेकॉर्डरसमोर म्हणाल्या, "तुमची माणसं आली आणि आमची गल्ली गेली." घरी येऊन आजीला बोलतं केलंस, तर ती म्हणाली, "तेव्हा सगळे चांगलेच होते गं." आता तू मला विचारतेस, काका, खरं कुणाचं धरू? आणि इंग्लंडातल्या या लेस्टर गावाबद्दल लिहायचा मला हक्क तरी आहे का?

हक्काचं आधी उरकतो. तू पावाला कॉब म्हणतेस आणि घरांमधल्या बोळाला जिटी. लंडनचा माणूस हे ऐकून तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. आणखी काय दाखला हवाय तुला?

आता खरं कुणाचं ते. हा प्रश्नच तू घाईने विचारते आहेस. दोन्ही रेकॉर्डिंग मी शेवटपर्यंत ऐकली. दोन्हींत मिळून घराचा एक नंबर नाही, रस्त्याचं एक नाव नाही. "कसं वाटलं" हे तू सात वेळा विचारलंस. "कुठे" एकदाही नाही.

माझे वडील लालबागचे, गिरणीतले. गिरणगावात नवा माणूस भेटला की दोनच प्रश्न असायचे: गाव कुठलं, खातं कुठलं? साचाखातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचा विभाग, म्हटलं की ह्याच्याशी मोठ्याने बोलायचं, हे न सांगता कळायचं. साच्यांच्या आवाजाने कान गेलेले असायचे ना. 1966 साली बाबा कामाच्या परवान्यावर, व्हाउचरवर, इथे आले आणि होजिअरीच्या एका कारखान्यात लागले. मोजे विणायच्या यंत्रालाही ते शेवटपर्यंत साचाच म्हणायचे. 1969 मध्ये आई आणि आम्ही भावंडं आलो. मी तेव्हा 11 वर्षांचा. पहिल्याच आठवड्यात समोरच्या बाईंनी मला "आय अप, मी डक" म्हटलं. मी घरात येऊन आईला सांगितलं, ती बाई मला बदक म्हणते. आई भांडायला निघाली होती. बाबांनी हसत हसत तिला दारातून मागे ओढलं, इथे लाडाने असंच म्हणतात म्हणून. ही गोष्ट मी शंभर वेळा सांगितली असेल. पण ते दार कुठल्या नंबरचं होतं ते आता मला आठवत नाही, आणि सांगायला कुणी उरलेलं नाही.

म्हणून सांगतो, आधी कुठे. मग कधी. कसं वाटलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही माणूस आपणहून बोलला तर.

तुला हे कोरडं वाटेल. मी 31 वर्षं बस चालवली, मला रस्त्यांपलीकडे काही दिसत नाही असं तुझी आई म्हणतेच. म्हणू दे. याच गावात 2012 साली एका कार पार्कखाली तिसरा रिचर्ड सापडला. जगभर बोलबाला झाला तो डीएनएचा. पण खणायचं कुठे हे आधी ठरलं ते जुन्या नकाशांवरून, त्याला जिथे पुरलं तो ग्रेफ्रायर्सचा मठ कुठे असेल याचा माग काढून. खोदकामाच्या पहिल्याच दिवशी पायाची हाडं लागली. 500 वर्षांपूर्वीच्या राजाचा पत्ता लागतो आणि तुझ्या आजीचा 50 वर्षांपूर्वीचा कारखाना कुठे होता ते आपल्याला माहीत नाही!

आता शेजारच्या बाई. त्यांना विचार, तुमची गल्ली कुठली? आपले लोक जिथे येऊन राहिले त्या बेलग्रेव्हमधली म्हणाल्या तर ऐकून घे, वाद घालू नकोस. पण त्या मूळच्या वार्फ स्ट्रीटकडच्या निघाल्या, तर मामला वेगळा आहे. तिथल्या गल्ल्याच्या गल्ल्या कौन्सिलनेच जुनाट वस्ती म्हणून जमीनदोस्त केल्या आणि त्या भागात सेंट मॅथ्यूज वसाहत उभी राहिली. तेव्हा युगांडातल्या आपल्या लोकांना तिथला हुकूमशहा इदी अमीनने हाकललंही नव्हतं. ते झालं 1972 मध्ये, 90 दिवसांची मुदत देऊन. सुमारे 28 हजार माणसं ब्रिटनमध्ये आली. आमच्या कौन्सिलने तर तिकडच्या पेपरात जाहिरातच दिली होती की लेस्टरला येऊ नका. ज्यांनी लेस्टरचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनाही ते त्यामुळे कळलं, असं इथले लोक अजून हसून सांगतात. शाळेत मी एका रात्रीत युगांडावाला झालो. मराठी म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा गुजराती शिकणं सोपं होतं, मग तेच केलं.

तर बाईंच्या मनात दोन गोष्टी एक झाल्या असतील. गल्ली पाडली एकाने, शेजारी आले दुसरे. असेल किंवा नसेलही, विचारल्याशिवाय कळायचं नाही. पण त्यांना गप्प करायला विचारू नकोस. ती चूक मी केली आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. वाचनालयात जुन्या आठवणींची बैठक होती. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि जवळपास तुझ्या शेजारीणबाईंचंच वाक्य बोलले. मी तयारीत होतो. रस्त्यांची नावं, सालं, सगळं धडाधड सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खाली बसले, आणि नंतर कधीच आले नाहीत. पुढे कळलं, त्यांनी कोराह कंपनीच्या सेंट मार्गारेट्स वर्क्स या होजिअरी कारखान्यात विणकामाच्या यंत्रावर अख्खी नोकरी काढली होती. बाबा ज्या कामाबद्दल घरात चकार शब्द काढायचे नाहीत ते त्या माणसाने मला सुईसुईनिशी सांगितलं असतं. तरी एक म्हणतो, सालं माझीच बरोबर होती. खोटं ऐकून घ्यायला मी गेलो नव्हतो. पण बैठक संपल्यावर त्यांच्याकडे जाऊन "तुमचं खातं कुठलं" एवढं विचारायला काय झालं होतं मला?

आकड्यांचंही तेच. 1974 च्या 1 मेला ईस्ट पार्क रोडवर इंपीरियल टाइपरायटर्समधले आपले लोक संपावर गेले. आमच्यावर अन्याय होतो एवढंच ते म्हणाले नव्हते. बोनस 168 नगांपासून मिळायला हवा, तो 200 पासून देतात, असं त्यांचं म्हणणं होतं. युनियनने पाठ फिरवली, तरी तीन महिने तग धरली. पुढच्या वर्षी कारखानाच बंद झाला. पण ते दोन आकडे लोकांच्या अजून तोंडी आहेत.

आणि मी काय केलं? बाबा गेल्यावर, 1998 मध्ये, घर रिकामं करायचं होतं. पलंगाखाली बुटांच्या खोक्यात त्यांची पगाराची पाकिटं होती, दर आठवड्याचं एक, रबर लावून वर्षवार ठेवलेली. मी ती स्किपमध्ये, कचऱ्याच्या मोठ्या पेटीत, टाकली. स्किप एका दिवसाच्या भाड्याने आणलं होतं, पोरं लहान होती, दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी होती. तुझ्या वयाच्या माणसाला हे सांगून कळत नाही, पण मेलेल्या माणसाचं घर आवरताना सगळाच कचरा वाटतो. तू असतीस तर तूही टाकली असतीस. बरं, नसतीस टाकली. त्या पाकिटांवर खातं लिहिलेलं असायचं, तासांचे आकडे असायचे. त्यांनी किती रातपाळ्या केल्या ते मला आता फक्त "खूप" असंच सांगता येतं.

तेव्हा मला ते "सगळे चांगलेच होते" परत पाठवू नकोस. आजी खोटं बोलत नाही. ती तुला जपते आहे, आणि तू विचारतेसही असं की उत्तर गोडच यावं. आजी ओव्हरलॉकच्या शिलाई यंत्रावर होती, संध्याकाळच्या पाळीला. कुठल्या मजल्यावर, खिडकीतून काय दिसायचं, जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत गावातले कारखाने बंद व्हायचे आणि गोरी मंडळी स्केगनेसच्या समुद्रावर जायची तेव्हा ती काय करायची, हे विचार. सोप्या प्रश्नांची तिला भीती वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र मला माहीत आहे, आणि ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. 1980 च्या सुमाराला मी नवा ड्रायव्हर होतो. रात्री नऊनंतर ती आणि बरोबरच्या दोघी माझ्या बसमध्ये चढायच्या आणि खालीच, माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायच्या. घराजवळचा स्टॉप आला तरी उठायच्या नाहीत. तो जाऊ द्यायच्या, पुढच्यावर उतरायच्या आणि थंडीपावसात मोठ्या रस्त्याने मागे चालत यायच्या. आधीच्या स्टॉपवरून जिटीतून गेलं असतं तर दोन मिनिटांत घर होतं. महिन्याभराने मीही त्या स्टॉपला गाडीचा वेग कमी करणं सोडून दिलं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

रविवारी तिला गाडीत घालून तिथे ने. दोन्ही स्टॉप अजून आहेत. रेकॉर्डर खिशात राहू दे, आणि विचार, आजी, तू कुठे उतरायचीस?

— काका