उष्णताप्रेमी जिवाणूंची जनुकं हवी तेव्हा बंद करता येतात का? जैवइंधनासाठी त्याचा उपयोग काय?

येतात, पण नेहमीची हत्यारं इथे चालत नाहीत.

क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम घ्या. हा पठ्ठ्या ५५-६० अंश सेल्सिअसला, प्राणवायूशिवाय, थेट सेल्युलोज फोडून इथेनॉल करतो. सोबत अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेटही करतो, म्हणजे साखरेतला कार्बन इंधनाऐवजी भलतीकडे जातो. लॅक्टेटचं जनुक कायमचं काढून टाकता येतं. पण काही जनुकं पेशीला वाढताना लागतातच. तिथे कात्री नाही, बटण हवं.

प्रयोगशाळेत सर्रास वापरलं जाणारं, डीएनए ठरावीक जागी कापणारं कॅस९ प्रथिन हे स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचं, म्हणजे माणसाच्या घशात राहणाऱ्या जिवाणूचं. साधारण ४२ अंशांपुढे ते हात टेकतं. २०१७ साली नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी कंपोस्टमधल्या जिओबॅसिलस या जिवाणूचं थर्मोकॅस९ पुढे आणलं. ते ७० अंशांपर्यंत चालतं. त्याची कापण्याची क्षमता काढून घेतली, की ते डीएनएवर नुसतं ठाण मांडून बसतं आणि त्या जनुकाचा आरएनए, म्हणजे प्रथिन बनवायला लागणारी त्याची नक्कल, बनू देत नाही.

दुसरी वाट रायबोस्विचची. मला हीच जास्त पसंत. आरएनएच्या सुरुवातीच्या तुकड्याला एखादा छोटा रेणू चिकटला, की त्याची घडी बदलते आणि प्रथिन बनणं थांबतं किंवा सुरू होतं. वेगळं नियंत्रक प्रथिन लागतच नाही, त्यामुळे ते उष्णतेने बिघडायची भीती नाही. घडी मात्र ६० अंशांना टिकायला हवी.

जाता जाता: अँपिसिलिनसारखं अँटिबायोटिक या तापमानाला लवकर निकामी होतं, म्हणून जनुकबदल झालेल्या पेशी बाकीच्यांतून निवडायला थायमफेनिकॉल हे दुसरं अँटिबायोटिक वापरतात.