मोजक्या वाचकांसाठी कथा-कादंबरी लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येते?

तुम्ही विचारले आहे की, नोकरी सांभाळून आणि फारसे नाव नसताना कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला कोणकोणत्या चढ-उतारांतून जावे लागते, आणि दोन-तीन कथा छापून आल्यानंतर हे पुढे चालू ठेवावे की नाही. मी गेली बरीच वर्षे याच पद्धतीने लिहीत आले आहे. माझी पुस्तके आहेत, त्यांना वाचक आहेत, मात्र त्यांच्यावर माझे घर चालत नाही आणि ते चालावे अशी माझी अपेक्षाही नाही. माझ्या अनुभवात या कामातले बहुतेक चढ लिहीत असताना येतात आणि बहुतेक उतार लिहून संपल्यानंतर येतात. ज्याला लिहिणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन कामे मनात वेगळी ठेवता येतात तो टिकतो. ज्याला ती वेगळी ठेवता येत नाहीत, त्याचे लिहिणे चांगले असूनही थांबते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सर्वांत मोठ्या उतारापासून सुरुवात करते. नकाराची सगळ्यांना भीती वाटते, पण ‘साभार परत’ हेही एक उत्तर असते. कुणीतरी पाकीट उघडले, पाने चाळली आणि निर्णय घेतला, एवढे तरी त्यातून कळते. त्यापेक्षा कठीण असते ते छापून आल्यानंतरचे मौन. कथा लिहायला काही महिने जातात, ती संपादकाकडे काही महिने पडून राहते, मग अंक निघतो, आणि त्यानंतर काहीच घडत नाही. वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक लेखकाला आपणहून काही कळवतात, कारण कथा वाचणे ही मुळात एकांतातली गोष्ट आहे. ज्याला ती मनापासून भिडली तो बहुधा पुस्तक मिटून आपल्याच विचारात गढून जातो आणि लेखकाला पत्र लिहावे हे त्याच्या मनातही येत नाही. ज्याचे लाखो वाचक आहेत त्याच्यापर्यंत या मौनातूनही पुरेसे आवाज पोहोचतात. ज्याचे वाचक मोजके आहेत त्याच्यापर्यंत कधी कधी एकही पोहोचत नाही. म्हणून मौनाचा अर्थ नापसंती असा लावू नये. आणि जेव्हा प्रतिक्रिया येते तेव्हा ती ज्या कथेबद्दल असते तिच्यातून तुम्ही कधीच बाहेर पडलेले असता. कौतुक जुन्या कामाचे होत असते आणि मन नव्या कामात अडकलेले असते. लेखक होण्यापूर्वी या विसंगतीची कल्पना येत नाही.

नकारांबद्दल थोडक्यात. अंकाची पाने ठरलेली असतात, त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते, संपादकाची आवड निराळी असते. यांपैकी कोणते कारण होते हे लेखकाला सहसा कळत नाही आणि ते शोधण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. मात्र परत आलेल्या कथेसोबत संपादकाने एखादी नेमकी ओळ लिहिली असेल, उदाहरणार्थ ‘शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो’, तर ती जपून ठेवावी. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन वाचकांनी एकाच जागेवर बोट ठेवले, तर त्या जागी बहुधा खरोखरच काहीतरी बिघडलेले असते. तिथे काय बिघडले आहे याचे त्यांचे निदान मात्र चुकीचे असू शकते. ते निदान लेखकानेच करायचे असते.

पैशांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या विषयावर लेखक एकमेकांशीही आडपडद्याने बोलतात. ५०० प्रतींची आवृत्ती निघाली आणि छापील किमतीवर १० टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) ठरले, तर शेवटची प्रत विकली गेल्यावरही लेखकाच्या हाती ५० प्रतींच्या किमतीएवढीच रक्कम येते. यात प्रकाशकाने काही लुबाडलेले असते असे नाही. विक्रेता आणि वितरक यांचा वाटा मोठा असतो, आणि ऑफसेट छपाईत प्लेट तयार करण्याचा व यंत्र लावण्याचा खर्च प्रती थोड्या असल्या तरी तेवढाच राहतो, त्यामुळे लहान आवृत्तीत दर प्रतीमागचा खर्च चढतो. मागणीनुसार छपाई आल्यापासून न खपलेल्या गठ्ठ्यांची चिंता कमी झाली आहे, तरी तिथेही एका प्रतीचा खर्च मोठ्या आवृत्तीच्या मानाने जास्तच असतो. हे गणित एकदा शांतपणे मांडून पाहिले की पुस्तकाकडून मिळकतीची अपेक्षा आपोआप बेताची होते आणि मनावरचा एक मोठा भार उतरतो.

याच ठिकाणी एक इशारा द्यावासा वाटतो. जो प्रकाशक हस्तलिखिताची स्तुती करून लगेच लेखकाकडेच छपाईचे पैसे मागतो, त्याचा नफा पुस्तक छापण्याआधीच झालेला असतो. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवण्याची त्याला निकड उरत नाही. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. मग ते खरोखर स्वतः काढावे: संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि छपाई यांचे पैसे वेगवेगळे मोजून द्यावेत आणि हक्क आपल्याकडे ठेवावेत. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखनाचा स्वामित्वहक्क कोणत्याही नोंदणीविना, लेखन झाल्याबरोबर लेखकाकडे येतो. हा हक्क कोण हिरावून घेत नाही. करारावर न वाचता सही करून लेखकच तो देऊन टाकतो. भाषांतर, श्राव्य आवृत्ती, चित्रपट यांचे हक्क कुणाकडे राहणार, किती वर्षांसाठी राहणार, आणि आवृत्ती संपल्यावर प्रकाशकाने पुन्हा छापले नाही तर ते लेखकाकडे केव्हा परत येणार, हे तीन मुद्दे पाहिल्याशिवाय सही करू नका. पुस्तक लहान आहे, त्याचा चित्रपट कोण काढणार, असा विचार करून हे कलम सोडून देणारे लेखक मला भेटले आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटते.

आता चढांकडे येते, ज्यांच्यासाठी मी हे सगळे आनंदाने सोसते. कथेचे पुनर्लेखन ही माझ्या माहितीतली सर्वांत सुखाची गोष्ट आहे. माझ्या एका कथेत एक निवृत्त शिक्षक आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पैसे मागायला जातो. पहिल्या खर्ड्यात मी त्याच्या तोंडी लांबलचक मागणी घातली होती, त्याची अडचण, त्याचा संकोच, सगळे त्याच बोलत्या वाक्यांत. आणि कथा काही केल्या उभी राहत नव्हती. बऱ्याच फेरफारांनंतर मी ती मागणीच काढून टाकली. शिक्षक फक्त त्या विद्यार्थ्याच्या शाळेतल्या अक्षराबद्दल बोलत राहतो, विद्यार्थी मध्येच उठून आत जातो आणि पाकीट आणून त्याच्यासमोर ठेवतो, आणि आता म्हाताऱ्याला ते घेताही येत नाही व नाकारताही येत नाही. दोन पाने गेली आणि दोन माणसे जिवंत झाली. ती संध्याकाळ ज्या समाधानात गेली ते समाधान मला त्या कथेच्या छापील पानांनी दिले नाही.

पुढे त्या कथेवर एका अनोळखी वाचकाने मला लिहिले. विद्यार्थी समजूतदार आहे असे मला लिहिताना वाटत होते. या वाचकाचे म्हणणे असे होते की तो क्रूर आहे, कारण त्याने गुरूला मागण्याची संधीसुद्धा दिली नाही, आणि न मागता मिळालेल्या पैशांत माणसाला नाही म्हणण्याची जागा उरत नाही. मी कल्पनेने उभ्या केलेल्या माणसावर कुणीतरी खऱ्याखुऱ्या माणसासारखे रागावले होते. त्याचे मत मला आजही पूर्णपणे पटलेले नाही, तरी कथेत ते वाचन शक्य आहे हे मला मान्य करावे लागले. थोडे वाचक असण्याचा हा लाभ आहे: अशा एका पत्राला सविस्तर उत्तर देता येते, त्याच्याशी वाद घालता येतो, आणि तो माणूस पुढच्या कथेची वाट पाहतो.

लहान असण्याचे आणखी एक बळ म्हणजे मोकळीक. जिच्याकडून कुणी ठरावीक प्रकारच्या पुस्तकाची अपेक्षा करत नाही ती व्यक्ती चाळीस पानांची दीर्घकथा लिहू शकते, एका पुस्तकानंतर पूर्ण वेगळ्या धाटणीचे दुसरे लिहू शकते, आणि जमत नाही असे दिसले तर अर्धी कादंबरी बाजूला ठेवू शकते. उशीर झाला म्हणून तगादा लावायला कुणी येत नाही. अर्थात याच मोकळिकीमुळे काम वर्षानुवर्षे रेंगाळण्याचाही धोका असतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातली नोकरी करत असतानाच्या वर्षांतही आठवड्याला सरासरी ४० पाने लिहीत असे, प्रत्येक पान २५० शब्दांचे, आणि त्याची तो वहीत नोंद ठेवत असे. १८८३ साली निघालेल्या त्याच्या आत्मचरित्रात हा सगळा हिशोब आहे. त्याचा वेग आपल्याला गाठायचा नाही. पण जे आपल्या हातात आहे तेवढेच त्याने मोजले, ही गोष्ट मला अनुकरणीय वाटते. आज किती शब्द लिहिले हे मोजता येते आणि वाढवता येते. किती जणांनी वाचले हे मोजता आले तरी ते आपल्या इच्छेने वाढत नाही.

कथा लिहिणाऱ्याला आणखी एक त्रास होतो, जो निबंध किंवा माहितीपर लेखन करणाऱ्याला तितकासा होत नाही. नात्यातले, ओळखीतले लोक कथेत स्वतःला शोधू लागतात. वाचकवर्ग लहान असताना पहिले वाचक तेच असतात, म्हणून हा प्रश्न अधिक टोचतो. ज्यांच्यावर लिहिलेले नसते ते रुसतात आणि ज्यांच्या बोलण्यातून कथेचे बीज मिळाले त्यांना ते कळतही नाही, असे पुष्कळदा होते. केवळ नाव आणि व्यवसाय बदलून भागत नाही. पात्राचे निर्णय बदलले म्हणजे ते पात्र खरोखर वेगळे होते, आणि कथेलाही ते मानवते. मात्र कुणी विश्वासाने सांगितलेले गुपित असेल तर ते कथेत येता कामा नये, मग त्यामुळे कथा कमकुवत झाली तरी चालेल. याबाबत माझे मत ठाम आहे. कलेसाठी सर्व क्षम्य आहे असे मानणारे लेखक आहेत. मी त्यांच्यात नाही.

असूयेचा उल्लेख केला नाही तर हे उत्तर अपुरे राहील. बरोबरीने लिहू लागलेल्या एखाद्याला पुरस्कार मिळतो, त्याच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघते, आणि मन काही दिवस खट्टू होते. हे होणारच. त्याचे पुस्तक नीट वाचून काढणे हा त्यावर मला सापडलेला एकमेव उपाय आहे, कारण वाचताना कानांवर फक्त वाक्ये पडतात, टाळ्या पडत नाहीत.

लहान लेखकाला धीर देण्यासाठी फ्रान्झ काफ्का या, मृत्यूनंतर जगप्रसिद्ध झालेल्या जर्मन भाषेतल्या लेखकाचे नाव नेहमी घेतले जाते. त्याचे पहिले पुस्तक १९१२ च्या अखेरीस ८०० प्रतींत निघाले आणि त्या प्रती कित्येक वर्षे संपल्या नाहीत. १९०८ ते १९२२ तो प्राग शहरात कामगारांच्या अपघात-विम्याच्या कचेरीत नोकरी करत होता. मरणोत्तर कीर्तीचा हा दाखला मला दिलासा देत नाही, कारण ती कीर्ती तुमच्या-माझ्या वाट्याला येण्याची शक्यता नगण्य आहे आणि आली तरी आपल्याला कळणार नाही. त्या ८०० प्रती काढणारा एक प्रकाशक होता आणि लिहिलेले ऐकून घेणारे काही मित्र होते, हा भाग मात्र मला मोलाचा वाटतो. असे दोन-तीन वाचक तुम्ही शोधा, ज्यांना कथा कळते आणि ज्यांना तुमचे मन राखण्यासाठी खोटे बोलावेसे वाटत नाही. बाकी सगळे नंतर आले तरी चालते.

पुढे चालू ठेवावे का, या तुमच्या प्रश्नावर मी असे सुचवेन. छापून आलेल्या कथांचे कुणी काय म्हटले हे क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या लिहीत असतानाचे दिवस आठवा. ते दिवस पुन्हा हवेसे वाटत असतील, तर नोकरी सोडू नका आणि लिहिणेही सोडू नका. ते केवळ छापून येईपर्यंतचे कष्ट वाटले असतील, तर थांबण्यात काहीही गैर नाही. उत्तम वाचक होणे हेही साहित्याच्या कामाचेच आहे. आणि लिहायचे ठरवलेत तर पुढची कथा पाठवण्यापूर्वी तिच्यानंतरच्या कथेची पहिली काही पाने लिहून ठेवा, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याचे महिने रिकामे जाणार नाहीत.