जोडशब्दाचे शेवटचे पद

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला येण्यापूर्वी डच शिकावेच लागेल का, तिथले हातभर लांब शब्द वाचायचे तरी कसे, आणि तिथे एकटेपणा वाटतो का, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि नोंदणीची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेलच. मी शब्दांविषयीच लिहिते, कारण अशाच एका शब्दाची सल माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

शाळेतला समासविग्रह इथे उपयोगी पडतो. डच जोडशब्द बहुधा आपल्या तत्पुरुषासारखा असतो. मुख्य अर्थ शेवटच्या पदात असतो. निवास परवान्याला ‘फरब्लेइफ्सफरखुनिंग’ म्हणतात. तो ‘फरब्लेइफ्स’ आणि ‘फरखुनिंग’ असा सुटतो आणि सांध्याचा ‘स’ आधीच्या पदाकडे राहतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडतानाही आधी हा सांधा पाहावा. एकाच स्पेलिंगचा एक शब्द ‘मासाझे-बेत’ असा वाचला तर मालिशचा पलंग होतो, ‘मासा-खेबेत’ असा वाचला तर सामूहिक प्रार्थना.

आघात मात्र बहुतेक वेळा पहिल्या पदावर येतो. (नगरभवनाला म्हणतात ते ‘स्तातहाउस’ अपवाद, तिथे जोर शेवटी.) म्हणजे ज्या पदात खरा अर्थ, तेच हलक्या आवाजात निसटते, आणि सगळी अक्षरे जवळपास सारख्या वजनाने ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला ते सापडत नाही.

मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या शिक्षिका ‘तालआख्तरस्तांत’ म्हणाल्या. ‘ताल’ म्हणजे भाषा, एवढेच मला ऐकू आले. भाषेच्या जादा तासांविषयी बोलत असतील असे समजून मी मान डोलावली आणि सही केली. रात्री स्वयंपाकघरात तो कागद काढून पेन्सिलीने शब्दावर उभी रेघ मारली, तेव्हा ‘आख्तरस्तांत’ वेगळा झाला. त्याचा अर्थ पिछाडी. घरी मराठी गोष्टी घडाघडा वाचणाऱ्या मुलाला भाषेत मागे ठरवून एक वर्ष खालच्या वर्गात बसवायला मी संमती दिली होती.

एकटेपणाचे म्हणाल, तर तो येतो आणि कामाला लागले की ओसरतो. त्याची फार धास्ती घेऊ नका. आपली मुलगीही सहाच वर्षांची आहे, म्हणून सांगते : शाळेच्या भेटीत प्रत्येक लांब शब्द लिहून मागा, त्याचे शेवटचे पद समजल्याशिवाय सही करू नका, आणि घाई केली जात असेल तर कागद घरी घेऊन या. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, वर्गातल्या बहुतेकांहून एका वर्षाने मोठा. तो सहीचा कागद मी त्याला अजून दाखवलेला नाही.