लिटल वॉल्टरला हार्मोनिकावाले इतकं का मानतात?

तुम्ही विचारलंय, खिशात मावणाऱ्या माउथ ऑर्गनवर या माणसाने असं काय केलं की ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं? मी हौसेने हार्मोनिका वाजवतो, आणि मला त्याचं मोठेपण त्याच्या आवाजात दिसतं.

लिटल वॉल्टर, खरं नाव मॅरियन वॉल्टर जेकब्स, हा मूळचा अमेरिकेतल्या लुईझियानातल्या मार्क्सव्हिलचा. पोरवयातच घर सोडून वाजवत वाजवत तो शिकागोला आला आणि मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात उभा राहून वाजवू लागला. मग ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्सच्या बँडमध्ये गेला. तिथे इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सपुढे हार्मोनिका दबायची. माइक इतरांनीही वापरला होता, पण वॉल्टरने तो हार्मोनिकासकट दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि अँप्लिफायर इतका चढवला की सूर फाटायला लागला. हे फाटणं दोष न मानता त्याने त्यालाच आपला आवाज केलं. कधी सॅक्सोफोन वाटावा, कधी ऑर्गन!

१२ मे १९५२ ला त्याने ‘जूक’ ध्वनिमुद्रित केलं. गाणं नाही, नुसतं वादन, तरी ते बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत आठ आठवडे पहिलं होतं. यात त्याच्याकडे ए पट्टीची हार्मोनिका आहे आणि वाजवतोय मात्र ई पट्टीत. त्यामुळे महत्त्वाचे सूर श्वास आत ओढून निघतात, आणि ओढलेला सूर तोंडातल्या तोंडात खाली वाकवता येतो. आपल्या मींडेची आठवण होते मला. दुसऱ्या-तिसऱ्या भोकावर हे नेमकं साधायला माझे कित्येक महिने गेले.

‘जूक’ गाजल्यावर त्याने स्वतःचा बँड धरला. १९५५ मध्ये त्याचं ‘माय बेब’ हे गाणंही त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे दारू आणि मारामाऱ्यांनी त्याला खाल्लं. फेब्रुवारी १९६८ मध्ये, अशाच एका मारामारीनंतर, ३७ व्या वर्षी तो गेला. त्याच्या कबरीवर १९९१ पर्यंत नावाचा दगडही नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

आज रात्री हेडफोन लावून आधी ‘जूक’ ऐका, मग ‘ब्लू अँड लोन्सम’. दुसऱ्यात तो गातो कमी आणि हार्मोनिका रडते जास्त.