ऑफिससाठी पहिली हायब्रिड सायकल घेताय? आधी माप बघा

बजेट कमी आहे म्हणून बिचकू नका. स्वस्तातली हायब्रिडही (म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) वर्षानुवर्षं साथ देते, फक्त पैसे कुठे घालायचे ते कळलं पाहिजे.

सगळ्यात आधी फ्रेमचं माप. सायकल दोन पायांत घेऊन उभे राहा. फ्रेमची वरची नळी आणि जांघ यांत दोन-तीन सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर. ‘सीट वरखाली करून जमेल’ असं दुकानदार म्हणाला तरी चुकीच्या मापाची फ्रेम घेऊ नका. हँडल लांब पडलं तर मान आणि मनगटं रोज दुखतील.

पुढचं सस्पेन्शन मात्र खुशाल सोडा. स्वस्त सायकलींत ते जड असतं आणि चढावर तुमचीच ताकद खातं. त्यापेक्षा साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) आणि ३५ ते ४० मिलिमीटर रुंद टायर घ्या. बरेचसे धक्के टायरच पचवतात. २१ गिअरना भुलू नका, त्यातले कितीतरी जवळपास सारखेच पडतात. फार चढ नसेल तर पुढे एक आणि मागे सात-आठ दातेरी चकत्या पुरे. चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे व्ही-ब्रेकही चालतील.

मडगार्ड आणि कॅरिअरसाठी मागच्या चाकाच्या आसाजवळ स्क्रूची भोकं आहेत का, हे वाकून बघाच. नसतील तर लॅपटॉप रोज पाठीवर, आणि शर्ट घामाने ओला. कुलूप, दिवे, हेल्मेट यांचे पैसे आधीच बाजूला काढा. नव्या केबल सुरुवातीला सैल पडतात, म्हणून महिन्याभराने गिअर-ब्रेक पुन्हा जुळवून घ्या.